इटली चाखायची तर दक्षिणेकडून: घरी बन्सी रवा, तिकडे नेपल्स-बारी

डिसेंबर २०२५मध्ये दिल्लीत युनेस्कोची बैठक भरली. अमूर्त वारशाच्या यादीत त्या वेळी आपली दिवाळी गेली आणि इटलीची स्वयंपाकाची परंपराही गेली. बातमी वाचून बऱ्याच घरांत त्या रात्री पिझ्झा मागवला गेला असणार. त्याला माझी हरकत नाही. पण इटलीची खरी ओळख करून घ्यायची असेल, घरच्या ओट्यापाशी आणि पुढेमागे प्रत्यक्ष जाऊनही, तर मराठी घराला सोयीची वाट दक्षिण इटलीतून जाते असं माझं ठाम मत आहे.

इटली हा देश एक झाला १८६१मध्ये. त्याआधी शतकानुशतकं वेगवेगळी राज्यं, वेगवेगळे बाजार आणि वेगवेगळ्या चुली. उत्तरेला लोणी, तांदूळ, मक्याच्या पिठाचा पोलेंता, अंडी घालून मळलेला पास्ता. दक्षिणेला कठीण गव्हाचा रवा, पाणी, ऑलिव्हचं तेल, कडधान्यं आणि पालेभाज्या. मांस सणासुदीला. या गरिबाघरच्या स्वयंपाकाला तिकडे ‘कुचीना पोव्हेरा’ म्हणतात, आणि त्यातल्या निम्म्या वस्तू आपल्या डब्यांत आधीच असतात. आपल्या हॉटेलांतल्या ‘व्हाइट सॉस पास्ता’चं म्हणाल, तर मैदा-लोणी-दुधाचा तो सॉस इटलीत आहे, पण त्याची जागा भट्टीत भाजलेल्या लझान्यासारख्या पदार्थांत. पेनेवर पळीपळीनं ओतायला नाही.

म्हणून पहिली पायरी: एक प्रदेश निवडा. मी इथे पुलिया धरते आहे. बुटाच्या आकाराच्या इटलीची ही टाच. मुख्य शहर बारी.

सामान भरताना

महागडी टोपली भरायची गरज नाही. चार गोष्टी नीट घेतल्या की झालं.

तेल एक्स्ट्रा व्हर्जिन घ्या, पण लहान आणि गडद काचेच्या बाटलीत. उजेड, उष्णता आणि हवा हे या तेलाचे शत्रू, त्यामुळे गॅसशेजारच्या कट्ट्यावर ते ठेवू नका. पुलियाचं तेल घशाशी किंचित कडू-तिखट लागतं. तो खराबीचा नाही, ताजेपणाचा गुण. यात भजी तळू नका. पैसे वाया जातील आणि भजीही बिघडतील.

टोमॅटो डब्यातले, सोललेले, अख्खे घ्या. आपले संकरित टोमॅटो पाणचट आणि आंबट असतात. ते आटवत बसलं तर अर्धा तास जातो आणि तरी गोडी येत नाही. हिवाळ्यात चांगले पिकलेले गावठी मिळाले तर गोष्ट वेगळी.

सुक्या पास्त्याच्या पाकिटावर ‘ड्युरम व्हीट सेमोलिना’ लिहिलेलं बघा. इटलीत सुका पास्ता या कठीण गव्हाच्या रव्याचाच असावा असा कायदा आहे. मैद्याचा पास्ता शिजताना लगदा होतो. दोन पाकिटं हातात धरा: ज्याचा पृष्ठभाग पांढरट, खरखरीत दिसतो तो बहुधा काशाच्या साच्यातून काढलेला असतो, त्याला रस्सा धरून राहतो. पिवळाधमक आणि काचेसारखा गुळगुळीत दिसला तर दुसरं पाकीट बघा.

चौथी वस्तू बन्सी रवा. बन्सी हा आपल्याकडचा जुना ड्युरम गहूच आहे, त्याच जातीचा. ज्याचा आपण शिरा करतो, त्यातून बारीतल्या बायका पास्ता वळतात.

आधी विकतचा पास्ता नीट उकडायला शिका

माणशी ८० ते १०० ग्रॅम पास्ता. १०० ग्रॅमला एक लिटर पाणी आणि त्यात १० ग्रॅम मीठ, म्हणजे अंदाजे दोन सपाट लहान चमचे. मीठ पाण्याला उकळी आल्यावर घाला. तेल घालू नका, उपयोग शून्य. सॉस चिकटेनासा होतो ते वेगळंच.

पाकिटावर ११ मिनिटं लिहिली असतील तर नवव्या मिनिटाला एक तुकडा चावून बघा. मधे किंचित कणी लागली पाहिजे. आता पास्ता निथळण्याआधी दोन पळ्या पाणी बाजूला काढून ठेवा. शिजताना उतरलेल्या पिठामुळे हे पाणी गढूळ झालेलं असतं आणि तेलाला धरून सॉस दाटसर करायचं काम तेच करतं. पास्ता तसाच, न धुता, सॉसच्या कढईत टाका, एक पळी पाणी घाला आणि मोठ्या आचेवर दीड-दोन मिनिटं हलवा. थंड पाण्याखाली पास्ता धुण्याची सवय असेल तर आजपासून सोडा.

पहिल्या वेळी सॉस अगदी साधा करा: तेलात ठेचलेली लसूण मंद आचेवर सोनेरी होऊ द्या, डब्यातले टोमॅटो हातानं कुस्करून घाला, मीठ, पंधरा मिनिटं. उतरवताना तुळशीच्या जातीची बेझिलची पानं. आपली देवघरापुढची तुळस घालू नका, तिचा लवंगेसारखा उग्र वास सगळ्यावर स्वार होतो. चीज, क्रीम, ‘मिक्स हर्ब्ज’ची पुडी यातलं काही नको.

बन्सी रव्याच्या ओरेक्किएत्ते

हा पुलियाचा मानाचा पास्ता. कानाच्या पाळीसारखा, बोटभरही नसलेला वाटीदार तुकडा. जुन्या बारीत आर्को बास्सो नावाच्या गल्लीत बायका दारासमोर टेबल टाकून तो वळत बसतात. आपल्याकडे लग्नाच्या रुखवतासाठी गव्हले, नखुले, मालत्या वळणाऱ्या बायकांना ते दृश्य बघून काही नवल वाटणार नाही.

चौघांसाठी ४०० ग्रॅम बन्सी रवा लागेल. बाजारातला रवा जाड असतो. तो मिक्सरमध्ये फिरवून बारीक चाळणीनं चाळा, किंवा गिरणीत बन्सी गहू अगदी बारीक रवाळ दळून आणा. दोन बोटांत चोळल्यावर बारीक रेतीसारखा लागला की बरोबर. मैद्यासारखा मऊ झाला असेल तर जास्त दळला गेला.

साधारण २०० मिलिलिटर कोमट पाणी थोडंथोडं घालत मळा. अंडं नाही, तेल नाही. पहिली पाच मिनिटं गोळा फाटत राहतो, हाताला खरखरतो आणि वाटतं की पाणी कमी पडलं. तिथे मन घट्ट करा आणि पाणी वाढवू नका, रवा ते सावकाश पितो. तळहाताच्या टाचेनं दहा-बारा मिनिटं रेटत राहा. पुरीच्या कणकेपेक्षा घट्ट, पण वरून गुळगुळीत झाला की ओल्या फडक्याखाली अर्धा तास झाकून ठेवा.

मग लिंबाएवढा गोळा घेऊन करंगळीएवढी जाड वळी लाटा. लाकडी पोळपाट असेल तर उत्तम, संगमरवरी ओट्यावर तुकडे घसरतात. एकेक सेंटीमीटरचे तुकडे पाडा. आता बोथट सुरी, लोणी लावायची चालेल. तिचं पातं तुकड्याच्या पलीकडच्या कडेवर जवळजवळ आडवं टेकवा आणि दाबत स्वतःकडे ओढा. तुकडा पात्याभोवती गुंडाळत येतो, आतून चरे पडलेला आणि बाहेरून गुळगुळीत. तो अंगठ्याच्या टोकावर टोपीसारखा उलटा चढवा, म्हणजे खरखरीत बाजू वर येते. सॉस तिथे अडकतो. पहिले वीसपंचवीस तुकडे वेडेवाकडे होतात. उकळल्यावर ते कोणी मोजत नाही.

सुती कापडावर पसरून तासभर सुकवा. पावसाळ्यात बाहेर ठेवू नका, बुरशी येते. पंख्याखाली वरवर सुकवून फ्रीजरमध्ये टाका.

पुलियात याबरोबर ‘चीमे दि रापा’ नावाची कडसर पालेभाजी असते. ती इथे मिळत नाही. मोहरीचा पाला सगळ्यात जवळचा, नाहीतर मुळ्याचा पाला आणि थोडी ब्रोकोली. मेथी घालून बघायचा मोह होईल, पण मग ती मेथीची भाजीच होते. खारट उकळत्या पाण्यात आधी पाला टाका, दोन-तीन मिनिटांनी त्याच पाण्यात ओरेक्किएत्ते. ताज्या असतील तर पाच ते सात मिनिटं पुरतात. दुसरीकडे कढईत सढळ तेल, लसूण, एक सुकी लाल मिरची. मासे खाणारे यात खारवलेल्या अँचोव्ही विरघळवतात. आपली मांदेली त्याच कुळातली, पण ताजी मांदेली हे काम करत नाही, तो खारटपणा मुरलेला लागतो. सगळं एकत्र परता आणि वर शिळ्या पावाचा तेलात खरपूस परतलेला चुरा घाला. चीज परवडत नसे तेव्हा हा चुराच चीजचं काम करायचा.

खपलीचं सूप

हे थोडं पुलियाबाहेरचं, तोस्कानाचं, म्हणजे टस्कनीचं. पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिकडच्या गार्फान्याना खोऱ्यातलं ‘फार्रो’ जगभर महाग विकलं जातं, आणि तो गहू म्हणजे सांगली-साताऱ्याकडची आपली खपली. दुकानात फार्रो शोधत फिरू नका, कांडून साल काढलेली अख्खी खपली आणा.

एक वाटी खपली आणि एक वाटी चित्रा राजमा रात्री वेगवेगळे भिजत घाला. राजमा कुकरमध्ये तमालपत्र घालून मऊ शिजवा, निम्मा घुसळून घ्या. पातेल्यात तेलावर कांदा, गाजर आणि सेलरी अगदी बारीक चिरून मंद आचेवर वीस मिनिटं परता. घाई केलीत तर कांदा लाल होतो आणि सूपला आपल्या रश्शाची चव येते. त्यात राजमा त्याच्या पाण्यासकट, खपली आणि गरम पाणी घालून खपली फुटेस्तोवर शिजवा. वाढताना वरून कच्चं तेल आणि मिरपूड. दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं.

चीजबद्दल शाकाहारी घरांना

पार्मिजानो रेज्जानो, ग्राना पादानो आणि पेकोरिनो रोमानो ही चीजं परंपरेनं वासराच्या किंवा कोकराच्या जठरातल्या रेनेटनं विरजतात. पार्मिजानोच्या तर नियमातच ते आहे. ज्यांना हे चालत नाही त्यांनी ‘मायक्रोबियल रेनेट’ लिहिलेलं भारतीय बनावटीचं जुनवट चीज घ्यावं, किंवा सरळ तो पावाचा चुरा वापरावा. इटलीत दुकानात ‘कालियो वेजेताले’ असं विचारायचं. ताज्या मोझरेला आणि बुर्रातालाही हाच प्रश्न विचारा, उत्तर कारखान्यागणिक बदलतं.

विमानात बसण्याआधी बघण्यासारखं

इटलीचा वारसा बघायला सुरुवात पासपोर्टशिवाय करता येते. कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात समुद्रदेव पोसायडनची एक छोटी ब्राँझची मूर्ती आहे. १९४०च्या दशकात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीला सापडलेली, रोमन व्यापाराबरोबर आलेली. आपल्या गावात असूनही अनेक कोल्हापूरकरांनी ती पाहिलेली नसते.

उलट दिशेनं गेलेली वस्तू नेपल्सला आहे. पॉम्पेईच्या एका घरात १९३८मध्ये जेमतेम वीतभर उंचीची, दागिन्यांनी मढलेली हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. ज्वालामुखीनं इ.स. ७९मध्ये शहर गाडलं, म्हणजे ती त्याआधी तिथे पोचलेली. तिच्याशी नातं सांगणाऱ्या हस्तिदंती मूर्ती मराठवाड्यात तेर आणि भोकरदनला मिळाल्या, त्यामुळे तीही याच भागात घडली असावी असं अनेक अभ्यासक मानतात. धाराशिव जिल्ह्यात तेरच्या लामतुरे संग्रहालयात आधी जा, मग नेपल्सला.

आणि जुनं गोवं. बॉम जीझस चर्चमध्ये संत फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीकडे सगळे माना वर करून बघतात. तुम्ही नजर खाली आणा. शवपेटीखालचा रंगीत दगड आणि संगमरवराचा चौथरा फ्लॉरेन्सच्या जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनीनं घडवला. तोस्कानाचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो द मेदिची यानं तो भेट दिला आणि १६९८मध्ये इथे बसवला गेला. चारी बाजूंच्या ब्राँझच्या पट्ट्यांवर संताच्या आयुष्यातले प्रसंग आहेत. जवळच सेंट कॅजेटन चर्च आहे, इटालियन धर्मगुरूंनी रोमच्या सेंट पीटरवरून बेतलेलं.

प्रवास आखताना

दहा दिवसांत रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस, मिलान आणि जमलं तर स्वित्झर्लंड, असली सहल केलीत तर बस आणि बॅगाच लक्षात राहतील. तेवढ्याच दिवसांत रोमपासून दक्षिणेला उतरा.

शेंगेन व्हिसाचा (इटलीसह युरोपातल्या अनेक देशांना चालणाऱ्या) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळी सुट्टीचं जायचं असेल तर भेटीची वेळ लवकर घ्या, उशिरा मिळेनाशी होते. प्रवास विमा किमान ३० हजार युरोंचा लागतो. एप्रिल ते जूनचा पूर्वार्ध किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हे दिवस चांगले. ऑगस्टमध्ये ऊन भाजून काढतं आणि १५ ऑगस्टच्या सुमारास निम्मी दुकानं बंद असतात. नोव्हेंबरात पुलियात ऑलिव्हची तोड चालते, ताजं हिरवं तेल चाखायचं तर तेव्हा जा, पावसाची तयारी ठेवून.

रोममध्ये कलोसियमचं तिकीट साधारण ३० दिवस आधी खुलतं आणि त्यावर नाव असतं, पासपोर्ट जवळ ठेवा. सरकारी संग्रहालयं महिन्याच्या पहिल्या रविवारी फुकट असतात. गर्दीही त्याच मापाची. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. पाण्याची बाटली विकत घेत बसू नका, रस्तोरस्ती पिण्याच्या पाण्याचे नळ अखंड वाहतात.

रोमहून नेपल्सला जाताना वेगवान गाडीऐवजी कासिनोवरून जाणारी साधी गाडी धरा आणि कासिनोला उतरा. दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेल्या आणि ज्यांना थडगं लाभलं नाही अशा राष्ट्रकुल सैनिकांचं स्मारक तिथल्या युद्धस्मशानात आहे, स्टेशनपासून चालत जाता येतं. त्यात माणगाव तालुक्यातल्या यशवंत घाडगे यांचं नाव कोरलेलं आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक घाडगे १० जुलै १९४४ रोजी तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात एकट्यानं मशीनगनच्या मोर्च्यावर चालून गेले आणि तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. उंब्रियातल्या मोन्तोने गावात २०२३मध्ये त्यांच्या नावानं सूर्यघडीचं स्मारकही उभं राहिलं, पण ते या वाटेवर नाही. उत्तरेकडे जाणार असाल तर जोडून घ्या.

साध्या गाडीचं कागदी तिकीट घेतलं तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्यायचा. विसरलात तर तिकीट असूनही दंड होतो.

नेपल्सचं पुरातत्त्व संग्रहालय मंगळवारी बंद असतं. हस्तिदंती मूर्ती ‘गाबिनेत्तो सेग्रेतो’ या स्वतंत्र दालनात आहे, तिथे कामशिल्पंही आहेत हे मुलांना घेऊन जाताना लक्षात असू द्या. बाहेर पडून पिझ्झा खा. मारिनारावर चीज नसतंच, फक्त टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल. ४८० अंशांच्या आसपास तापलेल्या लाकडाच्या भट्टीत तो दीड मिनिटाच्या आत भाजून निघतो, घरच्या ओव्हनला ते जमणारच नाही.

तिथून बारीला जाताना बहुतेक वेळा काझेर्ताला गाडी बदलावी लागते. बारीत मुक्काम टाकून तीन गावं फिरता येतात: आल्बेरोबेल्लोची शंकूसारख्या दगडी छपरांची ‘त्रुल्ली’ घरं, पावासाठी प्रसिद्ध असलेलं आल्तामुरा, आणि त्याच रेल्वेमार्गावर पुढे मातेरा, जिथे डोंगरात कोरलेल्या घरांत १९५०च्या दशकापर्यंत माणसं जनावरांसकट राहत होती. वेरूळ-अजिंठ्याच्या माणसालाही मातेरा थक्क करतं. या छोट्या मार्गांचं रविवारचं वेळापत्रक मात्र आधी बघा. दिवस उरला तर ब्रिंदिसी. १८७० ते १९१४ या काळात लंडनहून हिंदुस्तानची टपाल रेल्वेनं इथवर यायची आणि इथून बोटीनं पुढे मुंबईकडे निघायची.

ताटावर बसल्यावर

दुपारचं जेवण साडेबारा ते अडीच, रात्रीचं साडेसातनंतर. मधल्या वेळात स्वयंपाकघर बंद. बिलात माणशी दोन-तीन युरो ‘कोपेर्तो’ म्हणून लागतात, ती फसवणूक नव्हे, पाव आणि टेबलाचे पैसे असतात. टीप बंधनकारक नाही. मेनूत चार टप्पे दिसले म्हणून चारही मागवावे लागत नाहीत, एक ‘प्रीमो’ (बहुधा पास्त्याचा पहिला पदार्थ) पुरतो.

शाकाहारी असाल तर ‘वेजेतारियानो’ एवढ्यावर थांबू नका, ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे’ म्हणा: मांस नको, मासे नकोत. सुपाचं पाणी मांसाचं असू शकतं, तेव्हा तेही विचारा. पुलियात ‘फावे ए चिकोरिया’ मागवा, सोललेल्या सुक्या बाकल्याचं घोटलेलं वरण आणि शेजारी कडू पालेभाजी. मला तिकडचं हे सगळ्यात आवडतं जेवण. बारीची टोमॅटो लावलेली फोकाच्चा, म्हणजे जाडसर चपटा पाव, निर्धास्त खा. मेनूतली ‘पेपेरोनी’ म्हणजे ढबू मिरची. ‘ताराल्ली’ ही खुसखुशीत कडी पुलियात ऑलिव्ह तेलाची असते, पण नेपल्सची बहुधा डुकराच्या चरबीची, तेव्हा पुडा बारीतच घ्या.

कॉफीसाठी बारमध्ये जायचं, तिकडे कॉफीच्या दुकानालाच बार म्हणतात. गर्दीच्या ठिकाणी आधी गल्ल्यावर पैसे भरून पावती घ्या आणि ती काउंटरवर ठेवून कॉफी मागा. उभ्यानं प्यायलात तर स्वस्त, टेबलावर बसलात की तीच कॉफी दुप्पटही होऊ शकते. ‘काफे’ म्हटलं की एस्प्रेसो येते. दुधाची हवी तर सकाळी कापुचीनो मागा. नुसतं ‘लात्ते’ म्हणालात तर पेलाभर दूध येईल.